भोंगे ओळखणारी मंडळी



हौसेला मोल नाही असे आपल्याकडे म्हणतात. कुणी तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी. पण खांबावरच्या जुन्या भोंग्यांची जात ओळखण्याचीही हौस असते, हे आम्हाला सत्तरी ओलांडल्यावर कळले. आमच्या धाकट्या नातवाला ती लागली आहे. त्यामुळे गेली तीन वर्षे आम्ही दोघंही, गुडघे सांभाळत, इलिनॉयमधल्या लहान लहान गावांतले बंबखाने, पाण्याच्या टाक्या आणि शाळांच्या गच्च्या पाहत फिरतो आहोत. या फिरण्यात जे समजले ते आपल्या मंडळींच्या उपयोगाचे वाटले, म्हणून हे लिहिणे.

मुंबईत वाढलेल्यांना भोंगा नवा नाही. भायखळा, सातरस्ता, माझगाव इथल्या आपल्या घरांत गिरण्यांच्या भोंग्यावर चहाचे आधण चढायचे. घड्याळ नसले तरी चालायचे. मग १९७१ चा डिसेंबर आला. तेव्हा आम्ही मुली नर्सिंगच्या ट्रेनिंगला होतो. वॉर्डाच्या खिडक्यांना काळा कागद, दिव्यांना कागदाची टोपी, आणि रात्री भोंगा वर-खाली ओरडू लागला की चालू शकणाऱ्या पेशंटांना भिंतीकडे घ्यायचे, न चालणाऱ्यांजवळ आपण थांबायचे. मग एकसुरी, सरळ आवाज आला की सुटकेचा श्वास. वर-खाली म्हणजे धोका, सरळ म्हणजे धोका टळला. हा धडा आमच्या पिढीच्या हाडात बसलेला आहे.

आता गंमत पहा. आम्ही १९७६ साली इथे आलो. आमच्या भागात वावटळ, म्हणजे टोर्नेडो, येत असेल तर भोंगा कसा वाजतो? सरळ, एकसुरी, तीन मिनिटे! म्हणजे मुंबईत ज्या आवाजाला आम्ही बाहेर यायचो, त्याच आवाजाला इथे तळघरात जायचे. हे कुणी नवीन माणसाला सांगत नाही, कारण इथल्या माणसाला त्यात सांगण्यासारखे काही वाटतच नाही. आपल्यापैकी कुणाकडे मुंबईहून वयस्कर आई-वडील राहायला आले असतील तर पहिल्या दिवशी किल्ली कुठे ठेवतो ते सांगता ना, तसेच हेही सांगा.

नातवाच्या हौसेकडे वळते घेऊ. शीतयुद्धाच्या काळात, १९५० च्या दशकात, रशियाच्या विमानांच्या भीतीने अमेरिकेत गावोगावी भोंगे उभे राहिले. पुढे तेच वावटळीसाठी कामाला आले. पुष्कळ अजून उभे आहेत, पण नावाची पट्टी गंजलेली, कागदपत्रे हरवलेली, लावणारी माणसे देवाघरी गेलेली. मग ही हौशी मंडळी दुर्बीण, टेप आणि आवाज टिपायचे यंत्र घेऊन जातात आणि हा कोणत्या कंपनीचा, कोणते मॉडेल, साधारण कुठल्या सालचा, हे शोधून काढतात. आकारावरून टोपणनावेही पडली आहेत. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरच्या जुन्या भोंग्यांत एका जातीला 'पाखरांचे घर' म्हणतात, तर दुसरीला 'तारेचे रीळ'. पाहिले की वाटते, दुसरे नाव असूच शकत नाही.

ओळखायचे कसे? पहिले आकारावरून. दुसरे आवाजावरून, आणि हे आम्हाला फार आवडले. भोंग्याच्या आत खाचा असलेले एक चक्र गरागरा फिरते. एकेक खाच समोरून गेली की हवेचा एकेक झोत बाहेर पडतो. सेकंदाला किती झोत, तो त्याचा सूर. इथली साधी मोटर मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तावन्न. खाचा १२ असतील तर सेकंदाला ६९० झोत, १० असतील तर ५७५. पुष्कळ भोंग्यांत एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला १२ खाचा असतात आणि दोन सूर एकदम निघतात. आमचे हे कीर्तनाला पेटी वाजवणारे. नातवाने आवाज ऐकवला तसा ह्यांनी पेटी ओढली आणि म्हणाले, "अरे, हा सा आणि हा कोमल गंधार!" लढाईतल्या ब्रिटिश भोंग्यांचाही हाच मेळ, १० आणि १२ खाचांचा. दुसऱ्या काही भोंग्यांत ८ आणि १२ खाचा असतात, त्यांत सा आणि पंचम ऐकू येतो. तेव्हापासून आजोबा-नातवाची जोडी जमली. एकजण खाचा मोजतो, दुसरा पेटीवर बोट ठेवतो.

ह्यांनीच एक प्रश्न काढला. मुंबईची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, इथली ६०. मग तशाच जातीची मोटर तिकडे हळू फिरणार. हिशोब केला तर १२ खाचांचा भोंगा इथे ६९० वर गातो, तो मुंबईत ५७५ च्या आसपास गाईल. म्हणजे आम्हाला इथला भोंगा जरा किंचाळणारा वाटायचा तो नुसता मनाचा खेळ नसावा!

आता यांतल्या दोन थोरल्यांची ओळख करून देतो. क्रायस्लर या मोटारी बनवणाऱ्या कंपनीने १९५२ पासून एक भोंगा बनवला. त्याला आठ सिलिंडरचे १८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन. शंभर फुटांवर १३८ डेसिबल आवाज! दुसरा 'थंडरबोल्ट', शिकागोत जन्मलेल्या फेडरल कंपनीचा. तोही १९५२ चाच. त्यात तीन मोटरी असतात. एक दाबाने हवा पुरवते, दुसरी खाचांचे चक्र फिरवते, आणि तिसरी वरचा चौकोनी कर्णा सावकाश गोल फिरवते. कर्णा तुमच्याकडे वळला की आवाज मोठा, पाठ फिरवली की लहान. सूर मात्र बदलत नाही. आमच्यासारख्यांचा कान इथे फसण्याचा संभव असतो, कारण सरळ वाजणारा थंडरबोल्ट लांबून वर-खाली होतो आहे असे वाटते. नातवाने शिकवले, "आजी, आवाज लहान-मोठा होतोय का सूर खाली-वर होतोय, ते ऐक." हा फरक कळला की अर्धी विद्या आली.

इलिनॉयमध्ये बहुतेक गावांत महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता भोंग्यांची चाचणी होते. हौशी मंडळींचा तो सण. थर्मास, सँडविच आणि टोप्या घेऊन सारे हजर. आम्ही नर्सेस, त्यामुळे आमच्या पर्समध्ये कानात घालायचे बोळे सर्वांसाठी. थंडरबोल्टचा आवाज शंभर फुटांवर सुमारे १२५ डेसिबल असतो. कारखान्यातल्या कामगारांसाठी जो नियम सांगतात तो असा, ८५ डेसिबल आठ तास सोसतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटे. १२५ ला काय उरते, ते तुम्हीच मोजा. म्हणून नातवाला आमची अट: खांबाखाली उभे राहायचे नाही, खांबावर चढायचे नाही, आणि कुणाच्या आवारात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. ऐकतो बिचारा.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमची धाकटी बहीण अश्दोदहून आली होती. घरात नातवाचे भोंगे वाजू लागले तसा तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने स्पष्ट सांगितले, "बाळा, वर-खाली होणारा आवाज घरात लावू नको. माझे पाय आपोआप दाराकडे जातात." त्याने लगेच कानाला हेडफोन लावले. मग त्याने भाबडेपणाने विचारले, "मावशीआजी, तुमच्या अश्दोदला कोणतं मॉडेल आहे?" ती म्हणाली, "गाझातून रॉकेट सुटलं की आम्हाला आडोसा गाठायला पंचेचाळीस सेकंद मिळतात. मॉडेल बघायला थांबायचं कधी रे?"

आम्हाला वाटले, आता हिला मंगळवारी घरीच ठेवावे. पण ती म्हणाली, मीही येते, बघू तुमचा सण. मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसलो होतो. दहाच्या ठोक्याला भोंगा चढत गेला आणि एका सुरावर स्थिर झाला. बहीण खुर्चीतून उठली, हात खाली सोडले, मान खाली घातली आणि आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. आम्हाला कळले. इस्राएलात योम हाशोआच्या दिवशी सकाळी दहा वाजता दोन मिनिटे सरळ भोंगा वाजतो. रस्त्यावरच्या मोटारी थांबतात, माणसे बाहेर येऊन उभी राहतात. तीच वेळ, तोच सरळ आवाज. तिला ठाऊक होते की ही नुसती चाचणी आहे. पण पन्नास वर्षे उभे राहिलेले शरीर बसून ऐकेल कसे? आम्ही दोघंही उठलो. मग नातू उठला. त्याचे हौशी मित्र, ज्यांना यातले काही माहीत नव्हते, तेही टोप्या काढून उभे राहिले.

नंतर तिने त्या मुलांना सांगितले, "आमच्याकडे वर-खाली झाला तर पळायचं, सरळ वाजला तर आठवायचं." मुले गप्प ऐकत होती. एकाने विचारले, तुम्हाला आमची हौस वाईट वाटते का? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "नाही. ज्या आवाजाने आम्ही घाबरतो तो कसा निघतो, हे तुम्हाला कळतं. मला कधी कळलंच नव्हतं. आता निदान एक यंत्र म्हणून तरी दिसेल." जाताना तिने स्वतः नातवाला खाचांचा हिशोब पुन्हा विचारून घेतला.

घरी आल्यावर ह्यांनी तोरा उघडला. गणनाच्या दहाव्या अध्यायात चांदीचे दोन कर्णे करायला सांगितले आहेत. लोकांना जमवायचे असेल तर सरळ फुंकायचे, कूच करायची असेल किंवा शत्रू आला असेल तर तुटक, इशाऱ्याचा आवाज काढायचा. तेकिया आणि तेरुआ. म्हणजे आवाजाला अर्थ देण्याची रीत आपल्याला नवीन नाही. अर्थ सर्वांना आधीपासून ठाऊक हवा, एवढेच.

आणि तो ठाऊक असूनही भागत नाही. २८ ऑगस्ट १९९० चा मंगळवार आम्ही विसरू शकत नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास प्लेनफील्डवर वावटळ आली. २९ माणसे गेली, साडेतीनशेच्या आसपास जखमी झाली. वावटळ गावावर येण्यापूर्वी तिचा इशाराच दिला गेला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही नर्सेस ड्युटी संपूनही घरी गेलो नाही. जखमांत काच, लाकडाच्या ढलप्या, माती. धुता धुता माणसे एकच बोलायची, काही वाजलं नाही, काहीच वाजलं नाही. पुढे देशभर नवीन डॉपलर रडार आले आणि इशारे लवकर मिळू लागले.

उलट जॉप्लिन पहा. मिसुरीतल्या त्या गावात २२ मे २०११ ला भोंगे वाजले, तरी बऱ्याच लोकांनी पहिल्या भोंग्याला लगेच आडोसा घेतला नाही, असे नंतरच्या सरकारी चौकशीत दिसले. दीडशेहून जास्त माणसे गेली. भोंगे वारंवार वाजायचे, सवय झालेली. रोज मरे त्याला कोण रडे! शिकागोत तर २२ सप्टेंबर १९५९ च्या रात्री बेसबॉलचा संघ जिंकला म्हणून शहराचे हवाई हल्ल्याचे भोंगे पाच मिनिटे वाजवले होते. रशियाचे ख्रुश्चेव्ह त्याच आठवड्यात अमेरिकेत आलेले. आमचे जुने शेजारी सांगतात, मुले कडेवर घेऊन लोक तळघरात पळाले. आणि अगदी अलीकडे, १६ मे २०२५ ला सेंट लुइसवर वावटळ आली तेव्हा शहराचे भोंगे वाजवलेच गेले नाहीत. यंत्र कितीही चांगले असले तरी बटणावर बोट माणसाचेच.

आमच्या गावाचीही गोष्ट सांगतो. बंबखान्यामागच्या खांबावर एक जुना भोंगा होता. गावात सर्वजण म्हणायचे, हा दुसऱ्या महायुद्धातला. सुटे भाग मिळेनात, म्हणून नवीन विजेचा भोंगा बसवून जुना भंगारात द्यायचे ठरत होते. नातवाने चार महिने खपून तो ओळखला. फिरणारा चौकोनी कर्णा, खाली हवा पुरवणाऱ्या यंत्राची पेटी, सुरांचे मोजमाप, सगळे थंडरबोल्टशी जुळले. आणि थंडरबोल्ट तर १९५२ च्या आधी बनलेलाच नाही! मग महायुद्धातला कसा असेल?

गावाच्या सभेत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे मिळतात. नातू कागद घेऊन उभा राहिला. आम्ही मागच्या बाकावर, हात घट्ट धरून. एक गृहस्थ म्हणाले, जुन्या लोखंडावर पैसे कशाला? दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या लहानपणापासूनचा आवाज आहे, काढूच नका. आम्हाला वाटले, नातू आता त्या बाईंची बाजू घेणार. पण त्याने सांगितले, "नवीन बसवा. ज्याचे भाग मिळत नाहीत त्याच्यावर माणसांचा जीव सोपवू नका. फक्त जुना फेकू नका, आणि त्याच्याखाली खरं साल लिहा." पंधरा वर्षांचे पोर! एवढे शहाणपण आम्ही कित्येक मोठ्या डॉक्टरांतही पाहिलेले नाही. सभेने ते मानले. आता तो भोंगा बंबखान्याच्या दर्शनी खोलीत रंग देऊन ठेवला आहे. खाली पट्टी आहे आणि पट्टीवर महायुद्धाचे नाव नाही.

शेवटच्या चाचणीला आमच्या ह्यांनी कानातले यंत्र मुद्दाम काढून ठेवले होते. वयाने कान जातो तेव्हा आधी वरचे, बारीक सूर जातात. पाखरांची किलबिल जाते, नातवंडांचे बोलणे अस्पष्ट होते. पाच-सहाशेच्या पट्टीतला भोंगा मात्र बराच काळ टिकतो. ह्यांना तो स्वच्छ ऐकू आला. डोळे भरून आले होते ते आवाजाने का नातवाच्या कौतुकाने, ते आम्ही विचारले नाही.

पण म्हाताऱ्यांनो, यावर विसंबू नका. बाहेरचा भोंगा हा बाहेर असलेल्या माणसांसाठीच असतो. दारे-खिडक्या बंद, पंखा किंवा एसी चालू, कानातले यंत्र उशाशी काढलेले, मग रात्री तो ऐकू येईलच असे नाही. म्हणून हवामानाचा इशारा देणारा रेडिओ घ्या. उशीखाली थरथरणारी चकती लावता येते असेही मिळतात. फोनवरचे इशारे बंद केले असतील तर नातवंडांकडून चालू करून घ्या. आणि आपल्या गावात कोणता आवाज कशासाठी, हे बंबखान्यात फोन करून विचारा. ते हसत नाहीत.

एक विनंती करून संपवतो. ७ मे २०२५ ला भारतभर नागरी संरक्षणाची तालीम झाली तेव्हा मुंबईतही भोंगे वाजले. आमच्या भाचीने फोनवर तो आवाज ऐकवला आणि नातवाने लगेच विचारले, हा कुणी बनवलेला? आम्हाला सांगता आले नाही. वाचकांपैकी कुणाकडे मुंबई, ठाणे, पुणे किंवा अलिबागकडचे जुने फोटो असतील, ज्यात गच्चीवर किंवा चौकीवर भोंगा दिसत असेल, तर कृपया संपादकांकडे एक प्रत पाठवावी. फोटोत मागे कोण उभे आहे आणि साल कोणते, तेही पाठीवर लिहावे. घरातल्या मोठ्या माणसांना १९६५ आणि १९७१ च्या रात्री आठवत असतील तर त्यांनाही विचारून घ्या. आमच्या वयाची माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल.

शालोम.